सातची शाळा आणि आमच्या मुलांची झोप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहते, महापालिकेच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं झाली नोकरीला. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या, पण गेले दोन महिने ही गोष्ट डोक्यात घोळतेय आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

माझा मुलगा आठवीत आहे, तेरा वर्षांचा. शाळा सकाळची, सातला भरते, बस आमच्या नाक्यावर सहा वीसला येते म्हणजे पाच चाळीसला त्याला उठवायलाच लागतं. उठवणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. हाक मारली की "हो" म्हणतो पण ते हो झोपेतलंच असतं, मग लाईट लावायची, पंखा बंद करायचा, पांघरूण ओढायचं, शेवटी दंडाला धरून बसवायचं. बेसिनपाशी ब्रश तोंडात आणि डोळे मिटलेले, फेस हनुवटीवरून ओघळून बनियनवर पडतोय तरी त्याला पत्ता नाही. युनिफॉर्म घालून बसला की एक मोजा चढवतो आणि दुसरा हातात धरून तसाच बसून राहतो, मी डबा भरून बाहेर येते तोपर्यंत दुसरा मोजा हातातच. आणि मी रोज काय करायचे तर ओरडायचे. आळशी आहेस, लोळायला पाहिजे नुसतं, रात्री मोबाईल बघत बसतोस म्हणून हे असं होतं. माझी सकाळची ड्युटी असली की घाईत अजून दोन शब्द जास्तच. आता त्याचं फार वाईट वाटतं.

झालं असं की चाचणी परीक्षेच्या आधी मी त्याच्या वह्या चाळत होते. अक्षर चांगलं आहे त्याचं, गोल, सुटं. पण इतिहासाच्या वहीत काही पानांवर वाक्य ओळीवर नीट सुरू होतं, मग अक्षर हळूहळू मोठं आणि वाकडं होत जातं आणि मग पेनाची एक रेघ तिरकी खाली घसरत दोन ओळी ओलांडून जाते आणि तिथेच थांबते. पुढच्या ओळीवर परत अक्षर नीट, पण मधलं वाक्य अर्धंच राहिलेलं. एका पानावर तर तीनदा. मी तारखा आणि टाईमटेबल लावून बघितलं, ही सगळी पानं पहिल्या नाहीतर दुसऱ्या तासाची. मधल्या सुट्टीनंतरचे विषय, विज्ञान, भूगोल, त्या वह्या एकदम स्वच्छ. आणि त्या घसरलेल्या रेघेशेजारी बाईंचा लाल पेनाने शेरा, "वर्गात लक्ष देत जा".

ती रेघ मी ओळखते. नाईट ड्युटीला पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला टीपीआर चार्ट, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता, भरताना माझ्या हातून अशीच रेघ गेलेली आहे, आमच्या सगळ्या सिस्टरांना ती माहीत आहे, उभ्या उभ्या सेकंदभर डोळा लागतो आणि पेन घसरतं. पण मला त्याबद्दल कोणी आळशी म्हणत नाही, आणि नाईट झाल्या की मला नाईट ऑफ मिळतो. त्याला कोण देणार ऑफ?

त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले, आमच्या बालरोग विभागातल्या डॉक्टरांनाही विचारलं. नर्सिंगला शरीराचं घड्याळ शिकलो होतो पण घरातल्या घरात ते कधी लावून बघितलंच नव्हतं. सोप्या भाषेत सांगते. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटासा गट आहे, तोच शरीराचं घड्याळ चालवतो. उजेड कमी झाला की तिथून निरोप जातो आणि मेलाटोनिन नावाचं हार्मोन सुटायला लागतं, मग झोप यायला लागते. हे घड्याळ पेशींच्या आत नेमकं कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. आता मूल वयात यायला लागलं की हे घड्याळ पुढे सरकतं, एक तास, कोणाचं दोन तास. म्हणजे जे पोरगं चौथीत असताना नऊला माझ्या मांडीवर पेंगायचं त्यालाच आता साडेदहापर्यंत झोप येत नाही, आणि सकाळी तेच मेलाटोनिन उशिरापर्यंत रक्तात राहतं, त्यामुळे पाच चाळीसला त्याच्या शरीराची अजून रात्रच चालू असते. शिवाय दिवसभर जागं राहून झोपेचा जो दाब साठत जातो ना, तो लहान मुलांमध्ये भराभर साठतो आणि या वयात सावकाश, म्हणून संध्याकाळी ही मुलं टवटवीत दिसतात आणि आपल्याला वाटतं नाटकं करतोय, आत्ता बघा कसा खेळतोय आणि सकाळी मेल्यासारखा. नाटक नसतं हो ते.

त्यात याच वयात अंग वाढत असतं. दाराच्या चौकटीवर आम्ही त्याची उंची पेन्सिलने मांडतो, गेल्या दिवाळीपासून यंदाच्या दिवाळीपर्यंत आठ सेंटीमीटरच्या वर रेघ गेलीय. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं, हे तर आम्हाला पाठ होतं. आणि रात्रीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत स्वप्नांची झोप जास्त असते, दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायला आणि मन ठिकाणावर राहायला ती लागते. अलार्म लावून आपण नेमका तोच तुकडा कापतो. मग मूल चिडचिडं झालं, लहानसहान कारणावरून डोळ्यात पाणी आलं, पाढे येत असून पेपरात चुकले, तर नवल काय.

अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळा अभ्यास एकत्र करून सांगितलं की ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप पाहिजे. माझा मुलगा अकराला झोपतो आणि पाच चाळीसला उठतो, सहा तास चाळीस मिनिटं. कमीत कमी आठ धरले तरी रोज एक तास वीस मिनिटं कमी. शाळा आठवड्याचे सहा दिवस. मी कॅलेंडरच्या मागे हिशोब केला, सहा दिवसांचे बरोब्बर आठ तास होतात. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खी रात्र त्याची झोपायची राहून जाते. रविवारी तो साडेदहापर्यंत उठत नाही म्हणून घरात बोलणी खातो, पण ती थकलेली उधारी आहे, ती तो एका सकाळी फेडायला बघतो आणि ती फिटत नाही, उलट रविवारी रात्री अजून उशिरा झोप येते आणि सोमवारची सकाळ सगळ्यात वाईट.

तुम्ही म्हणाल लवकर झोपवा. मी करून बघितलंय. नऊला लाईट बंद केली तर तासभर कूस बदलत पडतो, छताकडे बघतो, मग उठून पाणी पितो. आणि खरं सांगायचं तर मुंबईत नऊला लाईट बंद होते कुणाच्या घरी? त्याचा क्लास आठ वाजता सुटतो, त्याचे बाबा अंधेरीहून येतात ते सव्वानऊला, जेवणं पावणेदहाला, वन रूम किचनमध्ये एकाने झोपायचं म्हणजे सगळ्यांनी अंधारात बसायचं. समोरच्या प्लॉटवर टॉवर उठतोय, रात्री अकरापर्यंत मिक्सरच्या गाड्या येतात. कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, रहिवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण आमच्या गल्लीत सणाच्या दिवसांत ते कोण मोजतंय.

मोबाईलचा दोष आहेच, मी नाकारत नाही. डोळ्यासमोर उजेड धरला की मेलाटोनिन अजून मागे जातं, आणि आमच्याकडे आता साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन, माझासुद्धा, फ्रिजवरच्या टोपलीत जातात. तेवढ्याने वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडला, आणि तेवढा पडला हेही बरंच. पण सगळं खापर मोबाईलवर फोडू नका. अमेरिकेत मेरी कार्सकॅडन म्हणून संशोधक बाई आहेत, ब्राऊन विद्यापीठातल्या, त्यांनी वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ पुढे सरकतं हे १९९० च्या दशकात दाखवलं, तेव्हा कुठल्या मुलाच्या उशाशी स्मार्टफोन होता?

आमच्या सासूबाई या बाबतीत कडक. लवकर निजे लवकर उठे, तया ज्ञान आरोग्य संपत्ती भेटे, हे त्यांनी नातवाला शंभरदा ऐकवलंय. एकदा मी त्यांना शांतपणे विचारलं, आई, तुमची गावची शाळा किती वाजता भरायची हो? त्या म्हणाल्या, अकराला. सकाळी उठून विहिरीवर पाणी, गुरं, मग भाकरी खाऊन चालत शाळेत. आणि झोपायच्या कधी? दिवेलागण झाली की जेवण, आठ-साडेआठला गाव चिडीचूप, दिवा कंदिलाचा आणि रॉकेल महाग. म्हटलं आई, तुम्ही नऊ तास झोपत होतात की. त्या गप्प बसल्या जरा वेळ. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्याच्या पाठीवरून हात फिरवून उठवतात आणि मला म्हणाल्या, पोराला ओरडू नको गं सकाळी सकाळी.

आता मूळ मुद्द्यावर येते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा असं सांगितलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा. चांगला आदेश आहे, लहानग्यांना साडेपाचला उठवून बसमध्ये कोंबणं मलाही बघवत नव्हतं, त्याच्या विरोधात माझा एक शब्द नाही. पण तो चौथीवर थांबला. आणि मुंबईत जागा नाही, एकाच इमारतीत दोन पाळ्या, लहान मुलं दुपारी आली की मोठी सकाळीच राहणार, आमच्या शाळेत हेच आहे, पाचवी ते दहावी सातला. म्हणजे बघा, पाच-सात वर्षांचं मूल मुळात लवकर झोपतं आणि स्वतःहून लवकर उठतं, त्याला नऊची मुभा मिळाली, आणि ज्याचं शरीरच सकाळी उशिरा जागं होतं त्याच्या वाट्याला अंधारातली बस आली. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातला. आमची मुलं प्रार्थनेला उभी राहतात तेव्हा उजाडलेलं पण नसतं धड.

बाहेर याचा विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नका. कॅलिफोर्नियाने २०१९ ला कायदा केला, २०२२ पासून तिथली हायस्कूलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली आणि मग मुलांच्या मनगटाला झोप मोजायचे पट्टे बांधून बघितलं, तर मुलं रोज साधारण ३४ मिनिटं जास्त झोपत होती. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्याकडे लगेच म्हणतात, वेळ उशिरा केली तर पोरं रात्री तेवढीच उशिरा जागतील. नाही जागली, झोपली.

अडचणी मला कळतात. आमच्या वर्गशिक्षिका स्वतः अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडून येतात, त्यांचीही झोप होत नसणार, आणि दुपारी लवकर सुटलं तर त्यांना घरी मुलांकडे जाता येतं. आठनंतर एलबीएस रोडवर बस निघाली तर अडकणार. आई-बाबा दोघं नोकरीला, मूल निघाल्यावर मगच घराला कुलूप. त्यामुळे साडेआठच करा असा हट्ट मी धरत नाहीये. पण पाऊण तास तरी? सातऐवजी पावणेआठ, दुपारची पाळी अर्धा-पाऊण तास पुढे, सहाऐवजी साडेसहाला सुटू दे. तेही जमत नसेल तर निदान पहिला तास गणिताचा ठेवू नका, पहिल्या तासाला चाचणी घेऊ नका, पहिला तास मैदानावर उजेडात घ्या, उन्हाने घड्याळ जागं होतं. आणि कोचिंग क्लासवाल्यांना हात जोडून सांगायचंय, सकाळच्या शाळेच्या मुलांची बॅच रात्री आठच्या पुढे ठेवू नका. दहावीच्या बॅचेस साडेनऊला सुटताना मी स्वतः स्टेशनजवळ बघते, खांद्यावर दप्तर, हातात वडापाव, पोरं उभ्या उभ्या जांभया देतायत.

एक गोष्ट मात्र नर्स म्हणून सांगितलीच पाहिजे, सगळा थकवा झोपेचाच असतो असं समजू नका. आमच्या मजल्यावर एक मुलगी आहे, बाराची, पाळी सुरू होऊन सहा महिने झालेले, शाळेतून आली की दप्तरासकट सोफ्यावर पडायची, जिने चढताना दम लागायचा. सगळे म्हणायचे वयात आलीय, असं होतं. मी तिच्या पापणीची आतली बाजू बघितली, कागदासारखी पांढरी. सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करायला लावलं, हिमोग्लोबिन आठ पॉइंट सहा, म्हणजे बरंच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागे ५९ जणींना अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, निघाला, मुलांमध्ये ३१. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायची सरकारी योजना आहे, दहा ते एकोणीस वयासाठी, बऱ्याच मुली ती दप्तरात तशीच घरी आणतात कारण मळमळतं, रिकाम्या पोटी घेऊ नका, डबा खाऊन घ्या आणि त्यावर लगेच चहा पिऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेलं काही खा. तसंच मूल झोपेत जोरात घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, सारखी तहान लागून वजन उतरत असेल, किंवा आठ-नऊ तास झोपूनही उदास, कशातच मन नाही असं दोन-दोन आठवडे चालत असेल तर घरच्या घरी अंदाज बांधू नका, दाखवून घ्या. ती मुलगी आता बरी आहे, औषधं चालू आहेत.

आमच्या घरी जेवढं हातात होतं तेवढं केलंय. शाळेतून आला की जेवून अर्धा तास झोप, त्याहून जास्त नाही आणि चारच्या नंतर नाही, नाहीतर रात्रीची जाते. संध्याकाळचा चहा बंद, कोल्ड्रिंक बंद, कारण चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीसुद्धा अंगात असतो, संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला पण जागाच. रविवारी साडेआठ-नऊपर्यंत झोपू देते, मग बाल्कनीत उजेडात बसवून चहाऐवजी दूध. मी ओरडणं सोडलंय. पण सकाळी त्या मोज्याशी तो अजून तसाच बसतो, कारण बस अजून सहा वीसलाच येते, आणि ते माझ्या हातात नाही.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर पालकसभा आहे. आम्ही वर्गातल्या सात-आठ आया आणि तीन बाबा मिळून मुख्याध्यापकांना वेळ पाऊण तास पुढे घ्यायचा अर्ज देणार आहोत, मी इतिहासाची वही पण सोबत नेतेय. ते म्हणतील वरून आदेश नाही, म्हणून त्याची एक प्रत शिक्षण विभागालाही पाठवतोय, की चौथीवर थांबलेला आदेश दहावीपर्यंत न्या. हे पत्र शनिवारच्या आधी छापता आलं तर बरं होईल, कात्रण अर्जाला जोडता येईल.

कळावे,
आपली,
एक आई आणि नर्स, भांडुप, मुंबई